घरच्या कॅमेऱ्याचे छायालेखक : बाबूराव पेंटर

शहागंज ही छत्रपती संभाजीनगरची, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादची, जुनी बाजारपेठ. या पेठेत निजामी अमदानीतील घड्याळाचा मनोरा उभा आहे. मनोऱ्यावरील घड्याळाकडे खालून पाहणारास काटे अखंड सरकत आहेत असे वाटते. पण अशा लंबकाच्या घड्याळाच्या पोटात डोकावले तर निराळाच प्रकार दिसतो. तेथील चाक सारखे फिरत नसते. एक दात पुढे जातो, क्षणभर अडतो, सुटतो आणि पुन्हा अडतो. या नियमित अडण्यासुटण्यातूनच काळाचे माप निघते.

चित्रपटाच्या कॅमेऱ्याचे मर्मही हेच आहे. फिल्मची पट्टी भिंगामागून सरळ ओढीत नेली, तर तिच्यावर नुसता फराटा उमटेल. म्हणून एक बारीक नखी पट्टीच्या कडेच्या छिद्रांत शिरते, चार छिद्रांइतकी पट्टी खाली ओढते आणि बाहेर निघते. पट्टी निश्चल उभी राहिली की झडप उघडते व एक चित्र उमटते. झडप मिटली की पट्टी पुन्हा सरकते. मूकपटांच्या काळी सेकंदास सुमारे सोळा वेळा हे घडत असे. एका फुटात सोळा चित्रे बसत, म्हणजे दर सेकंदास एक फूट फिल्म खर्ची पडे. हे सारे हाताने दांडा फिरवून करावयाचे. एका सेकंदात दोन फेरे, ना कमी ना अधिक. नखी केसभर चुकली तर पडद्यावरचे सारे जग थरथरू लागे.

असे नाजूक यंत्र विलायतेतूनच यावयाचे, ही विसाव्या शतकाच्या आरंभीची सर्वमान्य समजूत होती. मुंबईचे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आपला कॅमेरा इंग्लंडातून मागविला. दादासाहेब फाळके १९१२ साली लंडनला जाऊन विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेऊन आले. ही समजूत मोडली ती कोल्हापुरातील एका पडदे रंगविणाऱ्या कारागिराने. त्यांचे नाव बाबूराव कृष्णराव मेस्त्री. ‘पेंटर’ हे त्यांस धंद्यावरून पडलेले नाव, आणि तेच पुढे कायम झाले.

बाबूरावांचा जन्म ३ जून १८९० रोजी कोल्हापुरात झाला. वडील कृष्णराव हे सुतारकाम, लोहारकाम आणि चित्रकला यांत गती असलेले गृहस्थ. लाकूड, लोखंड आणि रंग ही तिन्ही साधने मुलास घरातच लाभली. चित्रकलेचे रीतसर शिक्षण त्यांनी कोणत्याही कलाशाळेत घेतले नाही; जे आले ते पाहून, करून आणि चुकून आले. त्यांचे चुलतबंधू आनंदराव हेही तसेच जातिवंत कलावंत. दोघे बंधू मिळून नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवीत. तो संगीत रंगभूमीच्या वैभवाचा काळ होता. राजवाडा, अरण्य, नदीतीर किंवा देवालय पडद्यावर असे उभे करावयाचे की दिव्यांच्या उजेडात प्रेक्षकास ते खरे वाटावे, हे त्यांचे काम. सपाट कापडावर खोली कशी दाखवावी आणि उजेड कोणत्या बाजूने आला म्हणजे वस्तूस उठाव येतो, याचा अभ्यास त्यांस पोटासाठीच करावा लागला. पुढे छायालेखनात त्यांस जे साधले, त्याचा पाया या पडद्यांवर घातला गेला.

फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ च्या मे महिन्यात मुंबईस प्रसिद्ध झाला आणि अनेकांप्रमाणे या बंधूंसही त्याने झपाटले. मुंबईच्या जुन्या बाजारातून त्यांनी एक वापरलेला प्रोजेक्टर मिळविला व चित्रपट दाखविण्याचा उद्योग मांडला. खेळ दाखवून पैसा साठवावा आणि त्यातून कॅमेरा घ्यावा, असा बेत होता. पण विलायती कॅमेऱ्याची किंमत आवाक्यात येईना. तेव्हा आनंदरावांची नजर त्या प्रोजेक्टरच्या अंतरंगाकडे वळली. चित्र दाखविणाऱ्या यंत्रातही पट्टी थांबत थांबतच सरकावी लागते. प्रकाश आतून बाहेर जाण्याऐवजी बाहेरून आत आला, इतकाच दोहोंत मूळचा भेद. फ्रान्समधील ल्यूमियेर बंधूंचे पहिले यंत्र तर दोन्ही कामे करीत असे. मग जे यंत्र उघडून समजले, ते आपल्या हातांनी का घडवू नये?

काम सुरू झाले, परंतु आनंदरावांस ते पुरे झालेले पाहावयास मिळाले नाही. १९१६ साली ते मृत्यू पावले. बाबूरावांवर हा आघात मोठा होता, कारण भाऊ आणि सहकारी दोन्ही एकाच वेळी गेले. तरीही त्यांनी अपुरे काम सोडले नाही. त्यांचे शिष्य विष्णुपंत दामले यांत्रिक कामात विलक्षण हुशार होते. या गुरुशिष्यांनी दातेरी चाके घडविली, नखी बसविली, झडपेचे आणि चाकाचे मेळ पुनःपुन्हा जमवून पाहिले. १९१८ च्या सुमारास कॅमेरा चालू झाला आणि त्यातून उमटलेली चित्रे पडद्यावर स्थिर उभी राहिली.

याच सुमारास हॉलिवुडात काय चालले होते, हे पाहिले म्हणजे या खटपटीचे मोल ध्यानी येते. ग्रिफिथ यांचे छायालेखक बिली बिट्झर यांनी १९१५ व १९१६ साली दोन प्रचंड चित्रपट घेऊन जगास थक्क केले होते. शिकागोच्या बेल अँड हॉवेल कारखान्याचे धातूचे कॅमेरे तेथील स्टुडिओंत रुळले होते. १९१९ साली तेथील छायालेखकांची स्वतंत्र संस्था स्थापन झाली, आणि त्याच वर्षी मिचेल कंपनीचा कॅमेऱ्याचा कारखानाही निघाला. तेथील छायालेखकाच्या पाठीशी कारखाना, रसायनशाळा, भांडवल आणि कॅलिफोर्नियाचे ऊन उभे होते. कोल्हापुरात यांपैकी ऊन तेवढे होते. उरलेले सारे बाबूरावांस एका कार्यशाळेत जमवावे लागले. यंत्र बिघडले तर दुरुस्तीस कोठे धाडावयाचे हा प्रश्न त्यांस पडला नाही, कारण ज्यांनी ते घडविले त्यांस त्याचा प्रत्येक स्क्रू ठाऊक होता. परदेशी कारखान्याच्या मर्जीवर न राहता चित्रपट काढता येतो, हे एका संस्थानी गावातील कारागिरांनी सिद्ध केले.

यंत्रास उद्योगाची जोड मिळाली ती महाराष्ट्र फिल्म कंपनीने. १ डिसेंबर १९१७ हा तिचा स्थापनादिन मानतात. भांडवल पुरविले कोल्हापूरच्या गायिका तानीबाई कागलकर यांनी. ज्या धंद्याकडे प्रतिष्ठित पेढ्या शंकेने पाहत होत्या, त्यावर एका गायिकेने आपली पुंजी लावली, ही गोष्ट विसरण्याजोगी नाही. शाहू छत्रपतींचा आश्रयही कंपनीस लाभला. दामले व साहेबमामा फत्तेलाल हे बाबूरावांचे उजवे-डावे हात. बाबूराव पेंढारकर व्यवस्थेकडे पाहत. १९२० साली शांताराम वणकुद्रे नावाचा एक उत्साही तरुण तेथे दाखल झाला आणि पडेल ते काम करू लागला. हेच पुढे व्ही. शांताराम या नावाने गाजले.

कंपनीचा पहिला चित्रपट ‘सैरंध्री’ ७ फेब्रुवारी १९२० रोजी पुण्याच्या आर्यन थिएटरात लागला. फाळक्यांस आरंभी स्त्रीभूमिकांसाठी पुरुषच घ्यावे लागले होते. येथे स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनीच केल्या. कीचकाच्या वधाचा प्रसंग इतका खरा वठला की प्रेक्षक हादरले, आणि सरकारी तपासनिसांनी तो गाळावयास लावला. या कथानकावरील खाडिलकरांच्या ‘कीचकवध’ नाटकावर सरकारने १९१० साली बंदी घातली होती. तेव्हा कीचकाच्या मरणाकडे केवळ पौराणिक कथा म्हणून पाहणे सत्ताधाऱ्यांस अवघडच होते. लोकमान्य टिळकांनी हा चित्रपट पाहून बाबूरावांस ‘सिनेमाकेसरी’ ही पदवी दिली. त्याच वर्षी १ ऑगस्टला लोकमान्य निवर्तले.

बाबूरावांच्या छायालेखनाचे वैशिष्ट्य काय, हे समजण्यास त्या काळच्या फिल्मचा स्वभाव जाणणे अवश्य आहे. ती फिल्म निळ्या रंगास फार लवकर भुले आणि तांबड्यास जवळजवळ आंधळी असे. त्यामुळे निळे आकाश पांढरेफटक येई, ढग त्यात विरून जात. तांबडे वस्त्र किंवा कुंकू काळे उमटे, आणि माणसाच्या चेहऱ्यावरील तजेला काळवंडे. डोळ्यांस दिसणारे रंगीत जग आणि फिल्मवर येणारे करडे जग यांत मोठी तफावत पडे. ज्याने आयुष्यभर रंग कालविले, त्यासच कोणता रंग करड्याच्या कोणत्या छटेत उतरेल याचा अंदाज बांधता येई. बाबूरावांनी भिंगापुढे निरनिराळ्या रंगांच्या काचा लावून हे प्रमाण ताब्यात आणण्याचे प्रयोग केले. पिवळी काच लावली की निळ्याचा जोर ओसरतो, आकाशास रंग येतो आणि ढग दिसू लागतात. पण प्रकाश कमी पडतो, म्हणून वेळ आणि ऊन यांचा हिशेब नव्याने मांडावा लागतो. दृश्य हळूहळू अंधारात मावळणे आणि अंधारातून उगवणे, हेही त्यांनी याच चिकाटीने साधले.

दुसरी गोष्ट देखाव्यांची. आयुष्यभर पडदे रंगविलेल्या या माणसाने चित्रपटातून रंगविलेला पडदा हद्दपार केला, हे प्रथम ऐकता विपरीत वाटेल. पण कारण उघड आहे. नाटकाचा प्रेक्षक एका जागी बसतो. त्यास रंगाने फसविता येते. कॅमेरा जवळ जातो, बाजूस सरतो, आणि उन्हाची खरी सावली रंगविलेल्या सावलीस उघडे पाडते. म्हणून बाबूरावांनी खांब, भिंती, कमानी घडवून खऱ्याखुऱ्या खोलीचे देखावे उभे केले. प्रसंग घेण्यापूर्वी ते त्याची रेखाटने काढीत. पात्र कोठे उभे राहील, वेष कसा असेल, उजेड कोठून पडेल, हे आधी कागदावर ठरे. चित्रपटाची जाहिरात म्हणून त्यांनी रंगविलेली मोठाली भित्तिचित्रे ही तर स्वतंत्र कौतुकाचा विषय झाली.

१९२३ साली ‘सिंहगड’ निघाला. हरि नारायण आपटे यांच्या ‘गड आला पण सिंह गेला’ या कादंबरीवर तो आधारलेला होता, आणि शिवछत्रपतींची भूमिका स्वतः बाबूरावांनी केली. तानाजीची चढाई रात्रीची. ती दिवसाउजेडी घेतली असती तर सारा आवेश फुकट गेला असता. म्हणून रात्रीचे प्रसंग कृत्रिम प्रकाशात घेण्याचे धाडस त्यांनी केले. त्या मंद फिल्मवर अंधार दाखविण्यासाठीदेखील भरपूर उजेड लागे, आणि तो उजेड आहे असे मात्र दिसू द्यावयाचे नाही, ही यातील खरी कसोटी. या चित्रपटास लोटलेली गर्दी पाहूनच सरकारास करमणुकीवर कर बसविण्याचे सुचले, अशी आख्यायिका आहे. पुढील वर्षी ‘कल्याण खजिना’ लंडनजवळच्या वेंब्ले येथील साम्राज्य प्रदर्शनात दाखविला गेला व तेथे त्याचा गौरव झाला.

परंतु बाबूरावांची खरी थोरवी ज्यात दिसली तो चित्रपट गर्दी खेचणारा नव्हता. १९२५ चा ‘सावकारी पाश’ हा नारायण हरि आपटे यांच्या कथेवरून केलेला. कर्जात बुडालेला एक शेतकरी, त्याची सावकाराने गिळलेली जमीन, आणि अखेर शहराच्या गिरणीत मजुरी शोधीत निघालेला तोच माणूस, एवढेच कथानक. देव नाहीत, चमत्कार नाहीत, लढाया नाहीत. शेतकऱ्याची भूमिका शांतारामांनी केली. एक उदास झोपडी, तिच्यावर जेमतेम पडलेला उजेड, आणि भेसूर ओरडणारे एक कुत्रे: या एका दृश्याची आठवण ज्यांनी तो चित्रपट पाहिला ते पुढे कित्येक वर्षे काढीत. राजवाडे रंगविणाऱ्या हाताने येथे दारिद्र्याचे चित्र काढले आणि त्यास शोभा आणली नाही. पुराणकथांस सरावलेल्या प्रेक्षकाने मात्र त्याचे थंडे स्वागत केले. दुष्काळ आणि कर्ज घरी भोगणाऱ्या माणसाने तेच पाहण्यास तिकीट का काढावे, हा त्या प्रेक्षकाचा प्रश्नही अगदीच निराधार म्हणता येणार नाही.

कंपनीच्या पुढील इतिहासात हाच पेच वाढत गेला. बाबूराव मनासारखे झाल्याशिवाय पुढे न जाणारे. कंपनीस मात्र महिन्याचा पगार आणि पुढचा चित्रपट वेळेवर हवा असे. चित्र नीट उमटावे म्हणून पट्टी क्षणभर थांबावी लागते हे खरे, पण ती थांबूनच राहिली तर चित्रपट होत नाही. ज्या शिष्यांस त्यांनी घडविले त्यांचे हात आता वळवळू लागले होते. १९२९ साली दामले, फत्तेलाल, शांताराम आणि केशवराव धायबर बाहेर पडले, आणि सीताराम कुलकर्णी यांच्या साहाय्याने १ जून १९२९ रोजी त्यांनी कोल्हापुरातच प्रभात फिल्म कंपनी स्थापन केली. महाराष्ट्र फिल्म कंपनी त्यानंतर फार काळ तगली नाही.

तशात १९३१ साली ‘आलम आरा’ने बोलपटाचे युग सुरू केले. बोलपटास कॅमेरा हाताने फिरवून चालत नाही. आवाजाचा सूर बिघडू नये म्हणून पट्टी सेकंदास चोवीस चित्रे या ठराविक वेगाने, मोटारीच्या साहाय्याने, धावावी लागते. आणि कॅमेऱ्याची खडखड ध्वनियंत्रात शिरू नये म्हणून तो पेटीत कोंडावा लागतो. घरच्या कार्यशाळेत चाक घडवून जमण्याचा काळ मागे पडला. बाबूराव थांबले नाहीत. ‘उषा’ १९३५ साली, बोलता ‘सावकारी पाश’ १९३६ साली आणि ‘प्रतिभा’ १९३७ साली त्यांनी दिग्दर्शित केले. १९४७ च्या ‘लोकशाहीर रामजोशी’वर त्यांचे आणि शांतारामांचे, म्हणजे गुरूचे आणि शिष्याचे, नाव एकत्र आले. १६ जानेवारी १९५४ रोजी कोल्हापुरात त्यांचे निधन झाले.

शिष्य गुरूस सोडून गेले, असे या कथेचे तात्पर्य काढणे सोपे आहे. पण ते पुरेसे नाही. प्रभातने १९३३ साली पुण्यास जाऊन जे कार्य केले, त्याची बीजे कोल्हापूरच्या त्या कार्यशाळेत आहेत. दामले-फत्तेलाल यांचा ‘संत तुकाराम’ १९३६ साली निघाला आणि पुढील वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात वाखाणला गेला. त्यातील देहूचे साधे घर, खरे वाटणारे अंगण आणि चेहऱ्यांवरील शांत प्रकाश पाहताना, खोटा पडदा काढून खरी भिंत उभी करावयास या दोघांस कोणी शिकविले, हे आठवते. विद्या शिष्यांबरोबर बाहेर गेली म्हणूनच ती टिकली. कंपनीच्या चार भिंतींत राहती, तर कंपनीबरोबर संपती.

कारण स्वतः बाबूरावांचे बहुतेक मूकपट आज पाहावयास मिळत नाहीत. त्या काळची फिल्म नायट्रेटची, चटकन पेटणारी आणि न पेटली तरी कालांतराने आपोआप कुजणारी. बोलपट येताच मूकपटांस बाजारात किंमत उरली नाही, आणि देशभर कित्येक प्रती त्यांतील चांदी काढण्यासाठी वितळविल्या गेल्या. भारतात निघालेल्या सुमारे तेराशे मूकपटांपैकी अगदी थोडे, आणि तेही बव्हंशी तुकड्यांच्या रूपाने, शिल्लक आहेत. ज्या झोपडीच्या दृश्याची इतकी वाखाणणी झाली, ते आता पाहणाऱ्यांनी लिहून ठेवलेल्या वर्णनापुरते उरले आहे. चित्रकाराचे चित्र भिंतीवर राहते. छायालेखकाची कृती जपणारे कोणी नसेल तर ती प्रेक्षकांबरोबरच नाहीशी होते. या नुकसानीचा दोष एका व्यक्तीवर टाकता येणार नाही. जपून ठेवण्याजोगे काही आपल्या गावातही घडते, हे वेळीच न ओळखणाऱ्या सर्वांचा तो आहे.

कोल्हापुरात खरी कॉर्नर येथे, महाराष्ट्र फिल्म कंपनीच्या आठवणीसाठी, कॅमेऱ्याचा एक स्तंभ उभारलेला आहे आणि १ डिसेंबरला चित्रपटसृष्टीतील मंडळी तेथे जमतात. शहागंजातील मनोऱ्याकडे लोक वेळ पाहण्यासाठी मान वर करीत आले. आतील दातेरी चाक घडविणाऱ्या लोहाराचे नाव त्यांतील कोणी विचारल्याचे ऐकिवात नाही. कोल्हापूरने निदान आपल्या लोहाराचे नाव जपले, ही समाधानाची गोष्ट होय. त्याने घडविलेल्या यंत्रातून जे उमटले, त्यातले जे थोडे तुकडे कोठे कपाटात किंवा माळ्यावर अद्याप कुजावयाचे राहिले असतील, ते शोधून जपणे हे यापुढचे काम आहे.